नवरेपणाचा राजीनामा

माझ्या निवृत्तीची बातमी आईला फोनवर दिली, तेव्हा सांगलीत आधी शांतता पसरली. मग प्रश्न आला, "काढून टाकलं का रे?" आमच्या घराण्यात माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन निवृत्त होतो. मी चोपन्नाचा. "नोकरीतून नाही गं, नवरेपणातून निवृत्त झालोय," असं मी म्हणून गेलो आणि पुढचा अर्धा तास ते निस्तरण्यात गेला.

त्याचं असं आहे. मी थायलंडच्या ईशान्येला, इसानमध्ये, बायकोच्या गावी राहतो. जावयानं सासरी येऊन राहायची इथे जुनी रीत आहे, त्यामुळे 'घरजावई' म्हणून कोणी टोचत नाही. टोचतं ते इमिग्रेशन. परदेशी नवऱ्याला दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागते आणि आपण इथे का राहतो याचं कारण द्यावं लागतं. दहा वर्षं माझं कारण होतं लग्न.

लग्नाच्या कारणाला बँकेत चार लाख बाट लागतात, अर्जाच्या आधी दोन महिने पडून असलेले. निवृत्तीच्या कारणाला वय पन्नासच्या वर आणि बँकेत आठ लाख. थोडक्यात, बायको दाखवली की निम्मी सूट. पण आपल्याकडच्या साड्यांच्या सेलसारखंच, ही सूट घेताना घाम निघतो.

कारण लग्न झालंय हे सिद्ध करून भागत नाही, ते चालू आहे हे सिद्ध करावं लागतं. नक्षीदार चौकटीचा विवाहाचा दाखला, तालुका कचेरीतून दरवर्षी नव्यानं काढलेली नोंदीची प्रत, घराची निळी वही, घरापर्यंतचा हातानं काढलेला नकाशा. दाखल्यावर आमच्या लग्नाचं साल बौद्ध गणनेनुसार 2557 आहे. आपलं 2014. आईनं तो कागद पाहिला तेव्हा "अजून 543 वर्षं थांबायला हवं होतं का?" एवढंच विचारलं.

त्यानंतर फोटो. घराचा नंबर दिसेल असा दोघांचा दारात एक, बैठकीत एक, स्वयंपाकघरात एक, आणि आमच्या इमिग्रेशन ऑफिसच्या आवडीचा म्हणून पलंगाच्या कडेला बसून एक. त्या पलंगावरच्या फोटोत दहा वर्षं आम्ही दोघं अंतरपाट नुकताच दूर झाल्यासारखे अवघडून बसलोय. एका वर्षी मी मागच्याच वर्षीचा फोटो लावला. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "वर्षभर हाच शर्ट?"

बायकोला जातीनं हजर राहावं लागतं, म्हणजे तिचं किराणा दुकान दिवसभर बंद. वर एक साक्षीदार. आमची साक्षीदार ठरलेली, शेजारच्या पा. थाईत 'पा' म्हणजे मोठी मावशी किंवा आत्या. पा दरवर्षी ठेवणीतला रेशमी सारोंग नेसून, हातात पिशवी घेऊन गाडीत पुढे बसायच्या. साहेबांसमोर "हे दोघं एकत्र राहतात, भांडणं मी रोज ऐकते," अशी साक्ष द्यायच्या. मग शहरात जेवण, आइस्क्रीम आणि बाजारहाट माझ्या खर्चानं. एवढं करून पासपोर्टावर उमटायचा तो 'विचाराधीन'चा शिक्का. महिन्याभरानं परत जायचं. आपलं लग्न तीस दिवस विचाराधीन आहे ही भावना काय असते, ते पत्रिका जुळवायला दिलेल्यांनाच कळेल.

कारखान्यातली नोकरी संपली, थोडी पुंजी हाती आली आणि मी ठरवलं, आता कारण बदलायचं. निवृत्तीला बायको नको, फोटो नको, पलंग नको, साक्षीदार नको. पासपोर्ट, फॉर्म, चार बाय सहाचा फोटो, बँकेचं पत्र आणि त्याच दिवशी भरून आणलेलं पासबुक.

बायकोला सांगितलं. ती मला थाई रिवाजाप्रमाणे 'फी' म्हणते, म्हणजे दादा. (हे आईला अजून सांगितलेलं नाही.) ती म्हणाली, "म्हणजे फी, तू मला फायलीतून काढणार?"

"अगं, तुझा त्रास वाचतो."

"दहा वर्षं मी त्रास आहे म्हणाले का?"

म्हणाली होती. दर वर्षी म्हणाली होती. पण लग्नाला दहा वर्षं झालेल्या माणसाला कुठल्या वेळी स्मरणशक्ती वापरायची नाही हे समजतं.

ठरल्या दिवशी एकटाच गेलो. साहेबांनी माझी जुनी जाड फाईल काढली, सगळे पलंग एकेक करून पाहिले, मग नवा फॉर्म पाहिला आणि आवाज उतरवून विचारलं, "बायको?"

"घरी आहे."

"कोणाच्या?"

मी सगळं समजावलं. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. दहा वर्षांत पहिल्यांदा. प्रेमाला आणि म्हातारपणाला फी मात्र एकच, 1,900 बाट. तासाभरात वर्षाचा शिक्का मिळाला. विचाराधीन वगैरे काही नाही. माझ्या म्हातारपणाबद्दल कोणालाच शंका नव्हती.

घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. या वर्षी पांना बोलावणं नाही, गाडीत बायको नाही, जावई फाईल घेऊन एकटाच शहरात गेला. इतक्या पुराव्यावर पांनी निकाल देऊन टाकला होता. संध्याकाळी त्या चिकट भाताची टोपली घेऊन बायकोचं सांत्वन करायला आल्या. मी दारात दिसल्यावर त्यांनी टोपली दुसऱ्या हातात घेतली. दोन दिवसांनी सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "दुसरी कोण आहे?" आता 'दुसरी आठ लाखांची मुदत ठेव आहे' हे इसानी बोलीत कसं सांगायचं?

आणि ती ठेव म्हणजे तरी काय, तर सासूबाईंच्या कपाटातली चांदीची वाटी. शिक्का मिळाल्यावरही तीन महिने आठ लाखांना हात लावायचा नाही, आणि त्यानंतरही वर्षभर चार लाखांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. पैसे माझे, पासबुकावर नाव माझं, आणि मी त्यांच्याकडे फक्त बघू शकतो.

एक फायदा मात्र मला वाटला होता. लग्नाच्या कारणावर राहणाऱ्याला कामाचा परवाना मिळू शकतो. निवृत्ताला काम वर्ज्यच. दुसऱ्याच दिवशी तांदळाची पोती आली तेव्हा मी खुर्चीतून न उठता बायकोला सांगितलं की आता मला कायद्यानं बंदी आहे, कोणी पाहिलं तर देशाबाहेर काढतील.

"दुकानात हात लावू नकोस," ती शांतपणे म्हणाली. "भांडी आत आहेत. ती घासायचा मी पगार देत नाही, म्हणजे ते काम नाही."

येत्या सोमवारी माझा नव्वद दिवसांचा रिपोर्ट आहे, पत्ता तोच आहे एवढं कळवायचा. त्याला बायको लागत नाही, साक्षीदार तर नाहीच. पा रविवारीच विचारून गेल्या, गाडी किती वाजता निघणार.