येझदीची पंचवार्षिक योजना

जुन्या मोटारसायकलवर जीव असलेल्या माणसाला तिची तब्येत विचारू नये. तो खरं सांगत नाही. आमच्या मामाचं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे : "एक नंबर!" ही एक नंबर गाडी म्हणजे 1979 ची येझदी. तिचा कारखाना 1961 साली म्हैसुरात सुरू झाला आणि 1996 साली बंद पडला. गाडी मात्र बंद पडायला तयार नाही. म्हणजे तशी ती रोजच पडते, पण कायमची नाही.

2024 साली तिच्या नोंदणीची मुदत पुन्हा संपत आली आणि मामाचा फोन आला, "भाच्या, ये. येझदीची परीक्षा आहे." लग्नकार्याला बोलावताना मामाचा आवाज इतका गहिवरत नाही.

मामा राहतो हैदराबादेत, बेगम बाजारात. निवृत्त होईपर्यंत जवळच जांबागेत विवेकवर्धिनीत शिकवायचा आणि चालत काही मिनिटांचं ते अंतर येझदीवरून अर्ध्या तासात कापायचा. मी सकाळी नांदेडला देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलो. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना हैदराबाद परगाव वाटत नाही. 1948 पर्यंत आमचा राजा तिथलाच होता. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तरी सोयरीक आणि सुटे भाग आम्ही अजून तिकडूनच आणतो.

सिकंदराबादला उतरून बसनं अफजलगंज गाठलं आणि तिथून पायी निघालो. निजाम अली खानाच्या हुमदा बेगमेनं ही जागा व्यापाऱ्यांना दिली म्हणून हा बेगम बाजार, असं सांगतात. बेगमसाहेबांनी जागा फक्त दुकानांना दिली असावी. रस्त्याला द्यायची राहून गेली. शेजारच्या फीलखान्यात पूर्वी हत्ती बांधत. हत्ती गेले, त्यांची रुंदी मात्र वाहनांनी उचलली आहे. पितळी हंडे, स्टीलच्या परातींचे मनोरे, मिरचीची पोती, अंजिरांच्या माळा आणि या सगळ्यांतून वाट काढणारे हमाल. इथे सगळं ठोक भावात मिळतं, धक्केसुद्धा.

मामा दारातच उभा होता. "चहा नंतर, आधी हिला बघ," म्हणाला. येझदी स्टँडवर तिरकी उभी होती आणि खाली पत्र्याचा डबा ठेवला होता. "ऑइल गळतंय?" मी विचारलं. "गळत नाही, जमा होतंय," मामा म्हणाला.

परीक्षेचा अभ्यासक्रम त्यानं मला चहाबरोबर समजावला. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. ती संपली की फॉर्म 25 भरायचा, गाडी आरटीओला दाखवायची आणि पुढची पाच वर्षं पदरात पाडून घ्यायची. 1994 पासून येझदीची अशी पंचवार्षिक योजना चालू आहे आणि देशातल्या योजना बंद झाल्या तरी हिची चालूच आहे. ती एकदाही नापास झालेली नाही. मधल्या काळात आंध्र प्रदेशाचं तेलंगण झालं, नंबरप्लेटवरचं एपी जाऊन टीएस आलं, टीएस जाऊन टीजी आलं. येझदीवर मात्र एकोणऐंशी सालचा तीन अक्षरी नंबर तसाच आहे. सरकारं तिच्याकडे कागद तपासायला येतात आणि स्वतःच बदलून जातात.

"परदेशात तर दर वर्षी तपासणी असते म्हणे," मी म्हणालो.

मामानं बशी खाली ठेवली. या विषयावर त्याचा व्यासंग आहे. "इंग्लंडात दर वर्षी असते, पण 2018 पासून चाळिशी ओलांडलेल्या गाडीला ती माफ आहे. फार फेरफार केलेले नसले म्हणजे झालं. जर्मनीत दर दोन वर्षांनी. आणि जपानात तर अडीचशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला ही तपासणीच नाही. आपली येझदी किती? 248.5 सीसी! ही इंग्लंडात नेली तर म्हातारी म्हणून सुटते, जपानात नेली तर बारकी म्हणून. फक्त आपल्याच देशात हिला प्रौढ समजतात."

"मग व्हिंटेजमध्ये का नाही घालत?"

"पन्नास पूर्ण व्हावी लागतात. आणि झाली तरी नको. 2021 चा नियम वाच. व्हीए मालिकेचा नंबर, 20,000 रुपये फी, आणि गाडी कुठे न्यायची? तर प्रदर्शनाला आणि व्हिंटेज रॅलीला! मला कोथिंबीर आणायला जायचं असतं."

परीक्षेआधीची शिकवणी पुतलीबावलीच्या बाजूला एका उस्तादांकडे होती. हा भाग गाड्यांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. बाकीच्या जगात जे मिळत नाही ते इथे मिळतं, आणि इथे मिळालं नाही तर उस्ताद घासून बनवतात. क्लचप्लेट, पॉइंट, कंडेन्सर असं काय काय त्यांनी काढलं, फुंकर मारून पाहिलं आणि बरंचसं परत बसवलं. शेवटी मामानं भीत भीत ब्रेकचा विषय काढला.

"बिरेक नै लगा तो क्या हुआ साब," उस्ताद म्हणाले, "हारन तो बज रा ना?"

बेगम बाजारात वाढलेल्या माणसाचं हे तत्त्वज्ञान आहे. ब्रेकनं फक्त आपली गाडी थांबते, हॉर्ननं समोरची सगळी सृष्टी बाजूला होते. तरीही मामानं हट्टानं ब्रेकचे शू बदलून घेतले. आपल्या कलेवर अविश्वास दाखवला गेल्यासारखा चेहरा करून उस्तादांनी ते बसवले आणि निघताना "हल्लू जाओ", म्हणजे सावकाश जा, असा आशीर्वाद दिला. येझदीला याची गरज नव्हती.

मग आली पीयूसी. ही खरी सहामाही परीक्षा, कारण जुन्या गाडीला हे प्रमाणपत्र सहा-सहा महिन्यांनीच मिळतं. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका व्हॅनमध्ये एक पोरगा संगणक घेऊन बसला होता. येझदी टू-स्ट्रोक. ती पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून पिते आणि प्यायल्याचं लपवत नाही. मामानं दोन्ही सायलेन्सर कालच जाळून साफ केले होते. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, हा या घराण्याचा थाट आहे. एका तोंडानं खायचं आणि दोन तोंडांनी बोलायचं.

पोरानं नळी आत घातली. मी श्वास रोखला. धुरामुळे तो तसाही रोखावा लागला होता. आकडे उमटले आणि गाडी पास! मला पटेना. तेव्हा मामानं कायद्यातलं मर्म सांगितलं. 31 मार्च 2000 च्या आधी तयार झालेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन 9,000 पीपीएमपर्यंत चालतं. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकला 3.5 टक्के आणि 6,000 वर थांबावं लागतं. म्हणजे वयोवृद्धांना सवलत आहे! रेल्वेनं ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च 2020 मध्ये काढून घेतली, तेव्हापासून मामा पूर्ण तिकीट काढतो. त्याच्या गाडीची सवलत मात्र शाबूत आहे. "या देशात म्हातारं व्हायचं तर मोटारसायकल होऊन व्हावं," असं त्याचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आरटीओला निघालो आणि खऱ्या प्रवासाला तोंड लागलं. मी मागे, मांडीवर कागदांची फाइल. मामानं लिव्हर आत दाबून वर फिरवला, किक मारली, गाडी सुरू झाल्यावर तोच लिव्हर खाली पाडून गिअर टाकला. या गाडीत किक आणि गिअर एकाच दांड्यात आहेत.

गल्लीच्या तोंडाशीच पहिला पेपर : तोल. पुढे बदामाच्या पोत्यांची हातगाडी, मागे रिक्षा, डावीकडे गाय, उजवीकडे दुकानदाराचा वाढीव संसार. या चौकोनात पाय न टेकता मुंगीच्या पावलानं सरकायचं. दुसरा पेपर क्लचचा. सिद्दीअंबर बाजाराकडे वळेपर्यंत मामानं तो इतक्यांदा दाबला-सोडला, की त्याच्या मनगटाची पुनर्नोंदणी वेगळी करावी लागली असती. तिसरा पेपर अचानक आला. एका हमालाच्या डोक्यावरच्या परातींच्या चळतीतली सगळ्यात वरची परात घसरली, दणाणत रस्त्यावर आली आणि आमच्या पुढ्यात गोल फिरू लागली. मामानं ब्रेक मारला. येझदी थांबली! गाडीचं पुढचं चाक आणि परात यांच्यात जेमतेम वीतभर अंतर उरलं. मामा मागे वळून म्हणाला, "बघितलंस? नवे शू!" परात उचलणाऱ्या हमालानं आमच्याकडे असं पाहिलं, की जणू परात आम्हीच पाडली.

चौथा पेपर नाकाचा. मिरचीच्या गोदामासमोर आम्ही अडकलो, तेव्हा आमच्या धुरानं त्यांना ठसका लागला की त्यांच्या मिरचीनं आम्हाला, याचा निकाल लागला नाही. दुकानदारानं मोठ्या मनानं दोष समोरच्या टेम्पोला दिला. पाचवा पेपर हॉर्नचा, आणि तो सामुदायिक होता. सगळेच वाजवत असल्यानं आपला वाजतो की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मामा बटणावर अंगठा ठेवून श्रद्धेनं बसला होता.

मोजमजाही मार्केट आलं, 1935 सालची ती दगडी घुमटाची देखणी इमारत दिसली आणि रस्ता रुंद झाला. मामानं टॉप गिअर टाकला. त्या वेगानं बावरून येझदी बंद पडली. तिला गर्दीची सवय. मोकळा रस्ता दिसला की तिचं अवसान जातं. मी उतरून ढकलली, ती लाजत सुरू झाली.

आरटीओच्या आवारात मामाच्या चेहऱ्यावर बारावीच्या पोराची कळा आली. पहिलं काम चॅसिस नंबरचा ठसा. त्या नंबरावर 1979 पासूनचा रंग, ग्रीस आणि बेगम बाजार असे तीन थर होते. मी हँडलखाली मान घालून रॉकेलच्या चिंधीनं उत्खनन केलं, कागद धरून पेन्सिल घासली आणि एकेक आकडा वर आला. पुरातत्त्व खात्यानं नोकरी द्यावी असं ते काम झालं.

तपासायला आलेले साहेब तरुण होते. येझदीचा कारखाना बंद पडला तेव्हा ते रांगत असावेत. त्यांनी ठसा आणि आरसी पुस्तकातला नंबर ताडून पाहिला. जुळला. मग लाइट बघितला. सहा व्होल्टचा तो दिवा उन्हात लागलाय की नाही हा श्रद्धेचा प्रश्न होता. साहेब श्रद्धाळू निघाले.

"किक कुठंय?" त्यांनी विचारलं.

"ही," मामा म्हणाला.

"आणि गिअर?"

"हाच."

साहेबांनी मामाकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं. आपली थट्टा चाललीय अशी शंका त्यांच्या डोळ्यांत तरळली. मामानं प्रात्यक्षिक दाखवलं. साहेबांनी मोबाइल काढून त्याची चित्रफीत घेतली, गाडीसोबत स्वतःचा फोटो काढला आणि सही केली. ब्रेक लागतो का, हे कुणी विचारलं नाही. गाडी एक फूटसुद्धा चालवून पाहिली नाही. नंबर तोच, म्हणजे गाडी तीच. आणि गाडी तीच, म्हणजे गाडी ठीक!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. येझदी दर वेळी पास होते याचं श्रेय तिच्या इंजिनाला नाही, तिच्या कपाळावर कोरलेल्या आकड्यांना आहे. सरकार विचारतं, "तूच ती का?" या प्रश्नाला 1979 सालची गाडी खोटं उत्तर देऊच शकत नाही. "तू थांबतेस का?" हा प्रश्न सरकार विचारत नाही. तो बेगम बाजार विचारतो, रोज, वेळापत्रक न लावता, वर फी न घेता. सरकारनं त्या वेळी आमच्याकडून नूतनीकरणाचे हजार रुपये घेतले. 2022 च्या एप्रिलआधी तेच काम तीनशेत व्हायचं. आणि वीस वर्षांवरच्या दुचाकीला तर 2025 च्या ऑगस्टपासून दोन हजार पडतात. हमालाच्या परातीनं तीच तपासणी फुकटात आणि जास्त कसोशीनं केली.

परतताना मामानं हिशेब मांडला. नवी मुदत 2029 पर्यंत. त्या साली येझदी पन्नाशीची होईल आणि व्हिंटेजचा प्रश्न पुन्हा उभा राहील. मामाचं उत्तर ठरलेलं आहे. कोथिंबीर काही प्रदर्शनात मिळत नाही.

तुमच्याकडे अशी एखादी वडीलधारी गाडी असेल, तर मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत फॉर्म 25 भरून टाका, आणि चॅसिस नंबरावरचं ग्रीस आदल्या रात्री पुसून ठेवा. गाडी पास होईल, काळजी नको. ब्रेक मात्र स्वतः तपासा. त्याचा निकाल आरटीओत लागत नाही.