कर्नलकर

पुण्यातल्या बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये, पॅन्ट्रीपासून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर, एक कर्नलकर बसलेला असतो. खरं आडनाव काहीही असो, सगळ्यांच्या तोंडी तो कर्नलकरच. उबुंटू किंवा फेडोरावाल्यांनी तयार करून दिलेला लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, त्याला चालत नाही. "त्यांचा कर्नल सगळ्यांसाठी असतो," असं तो सांगतो, आणि 'सगळ्यांसाठी' म्हणताना नाक मुरडतो.

स्वतःचा कर्नल बांधायचा म्हणजे आधी 'मेक मेन्यूकॉन्फिग'. निळ्या पडद्यावर राखाडी चौकट उघडते आणि आत हजारो प्रश्न उभे असतात. ही फाइलसिस्टीम हवी का? तो जॉयस्टिक हवा का? कधीकाळी कोणीतरी विकलेलं अमुक नेटवर्क कार्ड हवं का? असल्या प्रश्नांतून कर्नलकर सपासप पुढे जातो. ड्रायव्हरच्या प्रश्नांना तीन उत्तरं असतात: वाय, एन आणि एम. एम म्हणजे मॉड्यूल, लागेल तेव्हा भरून घेऊ. हे तिसरं उत्तर त्याला बुळचट वाटतं. मग तो 'मेमरी मॅनेजमेंट ऑप्शन्स'वर येतो आणि खुर्ची पुढे ओढतो. इथे बहुतेक ठिकाणी हो किंवा नाही, मधलं तळ्यात-मळ्यात नाही. इथून पुढे दोन तास त्याला चहा विचारू नये.

प्रत्येक प्रश्नाखाली मदतीचा मजकूर असतो आणि बऱ्याचदा शेवटी सल्ला असतो की खात्री नसेल तर एन म्हणा. हा सल्ला कर्नलकरला अपमानासारखा लागतो. खात्री नसेल तर? कोणाला? मग तो मूळ सी कोड उघडतो, पाऊण तास वाचतो, दोन-तीनदा 'हं' म्हणतो आणि एन दाबतो. "पण माझं एन समजून-उमजून आहे." कर्नलला हा फरक कळत नाही. कॉन्फिगच्या फाइलीत नकाराची नोंद अमुक 'इज नॉट सेट' एवढीच होते, तीही ओळीच्या सुरुवातीला हॅश लावून, म्हणजे कॉमेंट म्हणून. पाऊण तासाच्या विचाराची एक कॉमेंट.

होकाराच्या बाबतीतही त्याचं असंच. केएसएम नावाचा एक पर्याय आहे, २००९ साली २.६.३२ या आवृत्तीत आलेला. मेमरीतली हुबेहूब सारखी पानं शोधून त्यांची एकच प्रत ठेवायची, असं त्याचं काम. एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशिन्स चालतात तिथे याचा खरा फायदा. कर्नलकरने वाय दाबलं. पण वाय दाबल्याने फक्त कोड आत येतो. रूटने एका फाइलीत १ लिहिल्याशिवाय तो जागा होत नाही, आणि प्रोग्रामने स्वतःहून 'माझी पानं एकत्र केलीत तरी चालेल' असं सांगितल्याशिवाय त्याला काम मिळत नाही. कर्नलकरच्या लॅपटॉपवर एकही व्हर्च्युअल मशिन नाही. "असू दे," तो म्हणतो, "वेळेला उपयोगी पडेल."

त्याची खरी लढाई मात्र कॉम्पॅक्शनशी आहे. कर्नल मेमरी सहसा ४ केबीच्या पानांत वाटतो. इंटेलसारख्या प्रोसेसरवर त्याला २ एमबीचं मोठं पानही देता येतं, म्हणजे ५१२ लहान पानं सलग हवीत. ती सलग सापडत नाहीत. जागा असते, पण विखुरलेली. तेव्हा लोकलमध्ये चौथा माणूस 'जरा सरकून घ्या' म्हणत टेकतो, तसं कॉम्पॅक्शन बसलेल्या पानांना सरकवून सलग जागा करतं. मदतीच्या मजकुरात लिहिलंय की हे बंद करू नका. खरोखर सबळ कारण असेलच तर आम्हाला ते ऐकायची फार उत्सुकता आहे, आणि पुढे ईमेलचा पत्ता. आपण सगळे हे वाचून गुपचूप पुढे जातो. कर्नलकरला ते आमंत्रण वाटलं.

तो बंद करायला गेला, तर कॉम्पॅक्शनसमोरची चांदणी हलेना. तिच्या दोन्ही बाजूंना चौकोनी कंसाऐवजी आडव्या रेघा होत्या. म्हणजे दुसऱ्या कोणीतरी हिला 'सिलेक्ट' केलंय, आता तुमच्या हातात काही नाही. शोध घेतल्यावर गुन्हेगार सापडला, ट्रान्स्परंट ह्यूजपेज. मोठी पानं हवीत तर कॉम्पॅक्शन आलंच. कर्नलकरने आधी मोठी पानं बंद केली, चांदणी मोकळी झाली, मग तिलाही पुसलं. आता ईमेलचा मसुदा त्याच्याकडे तयार आहे. विषय लिहिलाय, सही लिहिलीय. मधल्या सबळ कारणाचा शोध चालू आहे.

या व्यवहाराची भाषा त्याच्या बोलण्यात शिरली आहे. लोणावळ्याला येतोस का विचारलं की "डिपेंड्स ऑन" म्हणतो आणि वाक्य तिथेच सोडतो. त्याची आई एकदा एका स्थळाबद्दल म्हणाली, "अरे, भेटून तर घे मुलीला." हा म्हणाला, "भेटायला हरकत नाही गं, पण हो म्हटलं की बरोबर आपोआप काय काय सिलेक्ट होतं?" आई शांतपणे म्हणाली, "मांडव, वाजंत्री आणि तुझी आत्या." त्या रात्री त्याने फक्त एन दाबले म्हणतात.

त्याला एक दुःखही आहे. कर्नलच्या आत बारीकसारीक मेमरी वाटणारे पूर्वी तिघे होते: स्लॅब, स्लब आणि स्लॉब. त्यातला कोणता हवा हे तुम्ही ठरवायचं. स्लॉब छोट्या यंत्रांसाठी होता, तो ६.४ मध्ये, २०२३ साली काढला. स्लॅब ६.८ मध्ये, २०२४ साली गेला. उरला एकटा स्लब, आणि छोट्या यंत्रांसाठी त्याचाच 'टायनी' अवतार. कर्नलकर हे सांगताना आवाज उतरवतो. त्याने स्वतः जन्मभर स्लबच वापरला, पण हरकत तत्त्वाची आहे. मला विचाराल तर मी काढणाऱ्यांच्या बाजूने. प्रत्येक प्रश्नाची दोन्ही उत्तरं कोणीतरी तपासायची असतात, आणि तो कोणीतरी कर्नलकर कधीच नसतो.

एवढं करून वाचतं काय? यंत्र सुरू होताना कर्नल एक ओळ छापतो, एकूण मेमरी किती आणि हाती किती. ही ओळ कर्नलकरला प्रत्येक आवृत्तीची पाठ आहे. सोळा जीबीच्या लॅपटॉपवर मागच्यापेक्षा काही केबी जास्त उरले की तो दिवसभर मवाळ असतो. मग ब्राउझर उघडतो, त्यात चाळीस टॅब असतात, आणि त्यातल्या एकट्या ऑफिसच्या चॅटनेच त्याची वर्षभराची बचत गिळलेली असते. त्याबद्दल तो बोलत नाही. "ते यूजरस्पेस," म्हणजे कर्नलच्या बाहेरचं, असं म्हणून हात झटकतो.

स्वॅपही त्याने बंद केलंय, डिस्कवर पानं टाकणं त्याला कमीपणाचं वाटतं. पण हायबरनेशन स्वॅपवर अवलंबून, तेही गेलं. त्यामुळे प्रवासात तो सतत चार्जिंगचा पॉइंट शोधत असतो.

मागच्या तिमाहीच्या आढाव्याला मॅनेजर व्हिडिओवर होते आणि कर्नलकर आकडे सांगत होता. बोलता बोलता तो पडद्यावरून नाहीसा झाला. आम्ही त्याच्या खुर्चीकडे गेलो तर टर्मिनल उघडून तो लॉग वाचत होता. चेहरा असा की लॉटरी लागलीय. मेमरी संपली होती, स्वॅप नव्हतं, आणि कर्नलच्या ओओएम किलरने सगळ्यांत जास्त गुण असलेली प्रोसेस शोधून मारली होती. ती ब्राउझर निघाली, आढाव्यासकट. टेबलावर फोन थरथरत होता, मॅनेजरांचंच नाव. कर्नलकरने त्याकडे पाहिलंही नाही. लॉगमधल्या प्रोसेसच्या यादीवरून बोट फिरवत म्हणाला, "बघ, बघ. इतक्या प्रोसेसमधून नेमका हा. मी असतो तरी ह्यालाच मारला असता."