नुसत्या पायाचं सांगतो

बीड जिल्ह्यात कुणाच्या मनात दोन खोल्यांचं घर काढायचं आलं, की ते त्याच्या बायकोच्या आधी नानांना कळतं. नाना म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. ते गेवराईत आहेत, धारूरला आहेत, परळीत तर गल्लीगणिक आहेत. कुठं निवृत्त मैलकुली, कुठं सोसायटीचे माजी चेअरमन, तर कुठं स्वतःचं घर बांधून झाल्यामुळं रिकामे पडलेले गृहस्थ. सोयीसाठी सगळ्यांना नानाच म्हणू.

जागेवर फक्कीची पांढरी रेघ पडायचा अवकाश, नाना हजर.

"काय, घर बांधायलाव म्हनं?"

"व्हय नाना. दोनच खोल्या."

"माप?"

"वीस बाय पंधरा."

नाना डोळे मिटतात. बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरतो. गवंडी, मालक, विटा उतरवणारा ट्रॅक्टरवाला, सगळे थांबतात. नाना डोळे उघडतात.

"नुसत्या पायाचं सांगतो. लाखात बसवतो तुमचं."

हा लाख फार जुना आहे. सिमेंटचं पोतं कितीला होतं आणि कितीला झालं, गोदावरीच्या वाळूच्या जागी क्रश सँड कधी आली, याचा या लाखाला पत्ता नाही. कारण तो आकडा पायाचा नसतोच, समोरच्याच्या ऐपतीचा असतो. शिक्षक असेल तर दीड. मुलगा पुण्यात कंपनीत असेल तर दोनाच्या पुढं, वर "मजबूत घ्या, पोरगं वर माडी चढवील" हा सल्ला फुकट. घरकुलवाला असेल तर मात्र नानांचा जीव कळवळतो. पंतप्रधान आवास योजनेचं मूळ अनुदान १ लाख २० हजार, त्यातला पहिला हप्ता १५ हजारांचा. नाना म्हणतात, "पंधरात पाया निघतो. मी काढून दाखवतो." दाखवायची वेळ आली की नाना नेमके परळीला दर्शनाला गेलेले असतात.

त्यांचा हिशेब तसा चुकीचा नसतो, ही खरी पंचाईत. सहा कॉलम. प्रत्येकाला चार बाय चारचा खड्डा, पाच फूट खोल. एका खड्ड्याचे ८० घनफूट, सहांचे ४८०. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे खोदाई पाच ब्रासच्या आतच. गुणाकार चोख. फक्त ते 'पाच फूट' कुणी ठरवलं, हे कोणी विचारत नाही.

ते ठरवते माती. आणि आपला जिल्हा मातीच्या बाबतीत एकमतानं वागत नाही. पाटोद्याकडं बालाघाटच्या डोंगरात दोन हातांवर खडक लागतो. तिथं जेसीबी नुसता खरडत बसतो आणि मीटर चालू राहतो. गेवराई, माजलगावकडं गोदाकाठची काळी माती, तिथं खड्डा संपतच नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात तिच्या भेगांत हात जातो. तिच्यावर घर टेकवलं, की दुसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. पाचाचे सात फूट झाले, की तेच खड्डे पावणेसात ब्रासवर जातात. कॉलम लांबतो, सळई वाढते. निघालेली काळी माती परत टाकता येत नाही. ती कुणाच्या तरी शेतात जाते आणि तिच्या जागी मुरूम विकत घ्यावा लागतो. नाना पाटोद्याचा अंदाज गेवराईत देतात आणि गेवराईचा पाटोद्यात. दोन्हीकडं लाखच.

कोणी शंका काढलीच तर नानांकडं कंकालेश्वर आहे. "बीडला जाऊन बघा. कुंडाच्या पाण्यात मंदिर उभं आहे. खचलं का?" खोल जायला नको असेल तेव्हा हाच दाखला, आणि खोल जायचं असेल तेव्हाही हाच. पण किल्लारीचं नाव निघालं, की नानांचा आवाज खाली येतो. ३० सप्टेंबर १९९३ची ती भूकंपाची पहाट त्यांच्या पिढीला सांगावी लागत नाही. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या, हे त्यांनी ऐकलंय, काहींनी पाहिलंय. त्यानंतर मराठवाड्यात ज्याला त्याला कॉलम-बीमचं घर हवं झालं. किल्लारीचं नाव निघालं त्या दिवशी नाना सळईत काटकसर सांगत नाहीत. अंदाज मात्र लाखाचाच राहतो.

नानांना निरुत्तर करणारं माणूस एकच, घरमालकीण. ऊसतोडीवरून फडातले सहा महिने काढून आलेली बाई पैशाचा हिशेब मुकादमापेक्षा पक्का ठेवते. चहाचा कप पुढं करत ती विचारते,

"नाना, लाखात कुठवर येतंय? जमिनीवर येतंय का?"

"जोत्यापर्यंत, वहिनी."

"भराव धरून?"

नाना चहा पितात. वीस बाय पंधराचं जोतं दोन फूट उचलायचं म्हटलं तरी सहा ब्रास मुरूम. धुमसला की बसतो, म्हणून वर आणखी एखाद-दुसरा. ट्रॉली एका ब्रासची म्हणतात आणि येते पाऊण भरून.

"भराव येगळा," नाना कप खाली ठेवतात. "मी नुसत्या पायाचं सांगितलं."

फडावरून परतलेली माणसं घराचं काम उन्हाळ्यात काढतात. मिरगाच्या आत जोतं व्हावं, एवढीच इच्छा. लाख मेअखेर संपतो तेव्हा कॉलम जमिनीबाहेर डोकावत असतात. मग पहिला पाऊस येतो, खड्डे भरतात, इंजिन लावून पाणी काढायचा खर्च वाढतो. तोही नानांनी धरलेला नसतो. पुढच्या सीझनची उचल थोडी मोठी घ्यावी लागते.

एवढं होऊनही नानांना कोणी बोल लावत नाही. खरा आकडा पहिल्या दिवशी कळला असता तर निम्म्या लोकांनी फक्की पुसून टाकली असती. एकदा खड्डे पडले, की माणूस मागं फिरत नाही. मेव्हण्याकडून उसनं आणतो, बैल विकतो, पण घर उभं करतो. आज जिल्ह्यात कितीतरी घरं मुरमावर कमी आणि नानांच्या लाखावर जास्त उभी आहेत. आणि नानांनी त्यासाठी कधी दमडी घेतलेली नाही. गुत्तेदाराचं कमिशनही नाही. हे त्यांच्या बाजूनं नोंदवायलाच हवं.

तरीही घर काढणार असाल, तर फक्की मारायच्या आधी जागेच्या एका कोपऱ्यात एकच खड्डा घ्या. मुरूम लागेपर्यंत खाली जा. टेप सोडून फूट मोजा, कागदावर लिहा, भराव त्यात धरा. मग नानांना बोलवा. चहा दोन कप ठेवा. तो त्यांच्या अंदाजात नसतो.