अजिंठ्यात कायम राहायचंय? परदेशी पाहुण्यांसाठी व्हिसा-मार्गदर्शन

थायलंडमध्ये पन्नाशी गाठलेल्या परदेशी माणसाने बँकेत आठ लाख बाट दाखवले की निवृत्तीचा व्हिसा मिळतो. लॅपटॉप घेऊन समुद्रकाठी नोकरी करणाऱ्यांसाठी 2024 पासून वेगळी सोय झाली, तीही पाच वर्षांची. भारताने यातलं काहीच काढलेलं नाही. तरीही वाघूर नदीच्या काठी उरलेलं आयुष्य घालवायचं ज्यांनी ठरवलं असेल, त्यांनी धीर सोडू नये. बाहेरच्यांना ठेवून घेण्याचा या डोंगराला दोन हजार वर्षांचा अनुभव आहे. आजवर चाललेले प्रकार खाली दिले आहेत. अर्जदाराने आपल्या दुखण्यानुसार निवड करावी.

सर्वांत जुना प्रकार भिक्षूचा. मुदत पावसाळ्यातले वर्षावासाचे तीन महिने. बारा क्रमांकाच्या लेण्यातली खोली कातळात कोरलेली, पलंग त्याच कातळाचा, उशीसुद्धा दगडी. भाडं नाही, पण डोक्यावर केस आणि खिशात पैसे चालत नाहीत. या खोल्या आता मिळत नाहीत. तिकीट काढून बघता येतात, सोमवार सोडून. थायलंडसह बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांच्याच दराने, म्हणजे 40 रुपयांत प्रवेश आहे. बाकी परदेश्यांना 600. त्यामुळे बँकॉकचा भिक्षू आणि भुसावळचा भाचा एका भावात आत जातात, आणि पॅरिसचा प्राध्यापक रांगेत त्यांच्याकडे बघत राहतो.

शिकारीचा प्रकार मद्रास फौजेतल्या जॉन स्मिथने वापरला. वाघामागे आला, दहावं लेणं सापडलं, 28 एप्रिल 1819 ही तारीख आणि स्वतःचं नाव चित्रावर कोरून गेला. आत त्या वेळी राडारोडा साचलेला होता. तो उपसल्यावर साहेबांची सही माणसाच्या डोक्याच्या वर जाऊन बसली. आजच्या अर्जदाराने सही अर्जावरच करावी.

आता लांबलचक मुक्कामाबद्दल. यात मेजर रॉबर्ट गिल यांचा हात धरणारा कोणी नाही. 1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना भित्तिचित्रांच्या नकला करायला पाठवलं. साहेबांनी अजिंठा गावातल्या बारादरीत बिऱ्हाड मांडलं आणि पारो नावाच्या इथल्याच बाईशी त्यांचा जीव जडला. ती 1856 साली गेली. तिची कबर गावात आहे, आणि ती आपली लाडकी होती हे गिलने दगडावर कोरून ठेवलं आहे. (एवढी कबुली आपल्याकडच्या किती नवऱ्यांनी दिली असेल, हा प्रश्न या पुस्तिकेच्या कक्षेबाहेरचा.) कवी महानोरांनी या प्रेमावर दीर्घकाव्य लिहिलं आणि 2012 मध्ये नितीन देसाईंनी चित्रपट काढला. गिल 1879 मध्ये वारले, आणि त्यांची कबर भुसावळला आहे. परतीच्या प्रवासाचा रकाना त्यांनी भरलाच नाही.

आज हा मार्ग धरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की नुसत्या प्रेमाने भागत नाही. भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला मिळणाऱ्या ओसीआय कार्डासाठी लग्नाची नोंदणी लागते, आणि ते लग्न सलग दोन वर्षं टिकलेलंही दाखवावं लागतं. गिलची फाइल पहिल्याच खिडकीवरून परत आली असती.

दुसरी सूचना सामानाची. नकला करा, पण लंडनला नेऊ नका. गिलच्या बहुतेक नकला 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना हाताशी धरून वर्षानुवर्षं पुन्हा नकला केल्या. त्यातल्या पुष्कळ 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनला जळाल्या. तिथली हवा आपल्या चित्रांना मानवत नसावी.

तज्ज्ञ म्हणून बोलावणं येणं हा चौथा प्रकार. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने चित्रं वाचवायला इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी यांना आणलं. त्यांनी पोपडे चिकटवले, हे उपकार. वर शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, हात फिरवला, आणि तो पुढे पिवळा पडला. हा प्रकार तूर्त बंद आहे. अमेरिकेचे वॉल्टर स्पिंक मात्र नुसता प्रश्न घेऊन आले. ही लेणी नक्की कधी कोरली, हा एक प्रश्न त्यांना 2019 मध्ये वारेपर्यंत पुरला. चिवट प्रश्न असेल तर संशोधन व्हिसा मागायला हरकत नाही.

ज्यांच्याकडे वाघ, प्रेम किंवा प्रश्न यांपैकी काहीच नाही, त्यांनी ई-पर्यटक व्हिसा घ्यावा: 30 दिवसांचा, एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा. पाच वर्षांचा मिळाला म्हणून पाच वर्षं ठाण मांडता येत नाही. शिवाय मुक्कामाला ठेवणाऱ्याने परदेशी पाहुणा आल्याचं 24 तासांत ऑनलाइन कळवायचं असतं. खरी तपासणी त्याआधीच लेण्यांजवळच्या फर्दापूरच्या चहाच्या टपरीवर होते. कुठून आले, लग्न झालं का, पोरं किती, पगार किती, आणि तिकडं माझ्या भाच्याचं काही जमेल का? शेवटच्या प्रश्नाला 'बघू' म्हणणाऱ्याला दुसरा चहा मिळतो.

कायमच्या वास्तव्याचं मात्र एकच प्रकरण मंजूर झालेलं आहे. पहिल्या लेण्याच्या छतावर टोपी घातलेला, दाढीवाला, हातात पेला धरलेला एक परदेशी आरामात बसला आहे. लेण्यांचे अभ्यासक फर्ग्युसनसाहेबांनी त्याला राजनैतिक दर्जा देऊ केला होता: हा इराणचा बादशहा खुसरो, चालुक्य राजा पुलकेशीकडे वकील पाठवणारा. पुढे तारखा जुळेनात. चित्र पुलकेशीच्याही शंभरेक वर्षं आधीचं निघालं आणि दर्जा गेला. तो उठला नाही. त्याच्याकडे बघून कोणी टोपीसकट फोटो काढून अर्जाला जोडत असेल तर आधीच सांगतो, ई-व्हिसाला टोपीचा फोटो चालत नाही.