पावसाळी पडझड

रत्नागिरीकडे पाऊस कसा पडतो ते तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे त्याच्या जोडीला मीही पडतो. फाटकापासून ओटीपर्यंत चिऱ्याची पाखाडी आहे. जांभा मुळातच सच्छिद्र, पाणी पिऊन बसतो, त्यात वर फणसाची गर्द सावली. आषाढ लागला की शेवाळ असं माजतं, की निरोप घेणारा पाहुणा 'येतो' वरच्या पायरीवर म्हणतो आणि 'हं' खालच्या.

आजोबा पावसाआधी पाखाडीवर नारळाच्या झावळ्या अंथरत. मला ते गावठी वाटायचं. म्हणून मी मे महिन्यात हौसेने पायऱ्यांना लाल ऑइलपेंट फासला. चिऱ्याची जी काय खरखर पायाला धरून ठेवत होती, तीच त्या रंगाने बुजवून टाकली, आणि पहिल्याच सरीत मी, हातातली दुधाची किटली आणि वाटेत आधाराला धरलेली जास्वंदीची कुंडी असे तिघेही फाटकाकडे निघालो. किटली आधी पोचली.

मग घसरू नये म्हणून चिकटवायची ती खरखरीत पट्टी आणली. पाकिटावर 'पृष्ठभाग कोरडा करून लावा' अशी सूचना होती. जुलैत, कोकणात! तशीच लावली, सकाळी ती पायरी सोडून माझ्या चपलेला चिकटलेली. ती चप्पल मात्र त्या दिवशी अजिबात घसरली नाही, दुसरी घसरली. पुढे साबणाचा चुरा टाकून घासायला बसलो. शेवाळ गेलं नाही, मी गेलो.

ब्लीचिंग पावडरीत संडासाचं ॲसिड ओतणार, तेवढ्यात शेजारच्या रसायनशास्त्राच्या निवृत्त बाई कुंपणापलीकडून ओरडल्या, "अहो, क्लोरीन सुटेल! पडायच्या आधी गुदमराल!" मग त्यांच्या देखरेखीखाली नुसती पावडर पाण्यात कालवून ओतली, पंधरा-वीस मिनिटं थांबलो, खराट्याने घासलं, भरपूर पाणी मारलं. शेवाळ गेलं. ते पाणी उतरून सौ.चा अनंत पिवळा पडला, त्याबद्दल आमच्या घरात अजून बोलतात.

अखेर गवंडी आला. त्याने रंग खरवडला, पायऱ्यांना टाकी लावून त्या खरबरीत केल्या, पाणी साचू नये म्हणून पुढच्या बाजूला किंचित उतार काढला आणि फणसाच्या फांद्याही छाटायला लावल्या. मग मला विचारलं, "काका, धरायला पाइप कुठच्या बाजूला बसवू?"

मी विचार करत होतो, तोवर सौ. आतून म्हणाली, "दोन्ही. ते बाजू बघून पडत नाहीत."