उन्हाळी साधनसंग्राहक

एप्रिलात वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन मूल दप्तर कोपऱ्यात भिरकावते, त्याच संध्याकाळी ज्याच्या अभ्यासाला खरी सुरुवात होते असा पालकांचा एक वर्ग महाराष्ट्राच्या शहरी व निमशहरी भागात अलीकडे ठळकपणे दिसू लागला असून, विवेचनाच्या सोयीसाठी त्याला ‘साधनसंग्राहक’ म्हणता येईल. साधन म्हणजे इंटरनेटवर अभ्यासासाठी मिळणारी कोणतीही वस्तू, मग ती पीडीएफ असो, सराव प्रश्नसंच असो, वा ‘प्लेलिस्ट’, म्हणजे एकाखाली एक लावून ठेवलेल्या व्हिडिओंची माळ, असो. आणि संग्रह म्हणजे ही साधने न उघडता जपून ठेवणे. वैशाखाच्या उन्हात घरोघरी पापड-कुरडयांची जी बेगमी होत असे, तिचीच ही आधुनिक आवृत्ती मानावी लागेल. फरक इतकाच, की कुरडया पुढे कधीतरी तळल्या जात.

हा वर्ग कळपाने राहतो. ‘सातवी ब पालक’ अशा एखाद्या व्हॉट्सॲप गटात त्याचे कायम वास्तव्य असते आणि तेथे ‘आठवीच्या गणिताचं चांगलं चॅनल कुणाला माहीत आहे का?’ एवढा एक प्रश्न पडला, की घटकाभरात लिंकांचा पाऊस पडतो, त्यात कुणाची तरी वीजबिलाची पावती चुकून येऊन जाते आणि शेवटी हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते. संग्राहक यातील प्रत्येक लिंक स्वतःलाच पुन्हा पाठवून ठेवतो. मोबाइलमधील जागा संपल्याची सूचना आली, तर लग्नातले फोटो पुसले जातात, परंतु दहावीच्या प्रश्नपत्रिकांना हात लागत नाही. मूल अजून सातवीतून बाहेर पडायचे आहे, हा तपशील येथे गौण ठरतो.

संग्रहानंतरची पायरी वेळापत्रकाची. हे वेळापत्रक कार्यालयीन वेळेत, एक्सेलमध्ये, विषयवार रंग भरून तयार केले जाते, त्याला ‘अंतिम’ असे नाव दिले जाते आणि रात्री जेवताना घरातून हरकती आल्यावर ‘अंतिम 2’ जन्माला येते. त्यात सकाळी 7 वाजता गणित असते, 8 वाजता दूध असते, आणि संध्याकाळी साडेसातनंतर, म्हणजे नेमक्या आयपीएलच्या वेळी, ‘ऐच्छिक वाचन’ असते. हा शेवटचा रकाना वडिलांनी मुलाच्या हिताकडे पाहून ठेवला असावा, असे मानण्यास जागा नाही. अशा वेळापत्रकाचे नव्याचे नऊ दिवसही भरत नाहीत, कारण चौथ्या दिवशी मामाकडून आंब्याची पेटी येते आणि पेटीपाठोपाठ मामेभाऊ येतात.

साधने निकस असती, तर या वर्गाकडे दुर्लक्ष करता आले असते. पण ती खरोखर चांगली आहेत, आणि खरी अडचण तीच आहे. पुण्यात 1967 मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, पुस्तकात छापलेला क्यूआर कोड, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरावयाची ती काळी-पांढरी चौकट, केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ या मंचावरील साहित्यापर्यंत नेऊन सोडतो, आणि 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही वाचावयास मिळतात. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिकविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ या प्रकल्पातील प्रतिरूपे, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारे प्रयोग, यांपैकी अनेक मराठीतही आहेत. त्यातील विद्युतमंडलाच्या प्रयोगात बॅटरीची दोन टोके नुसत्या तारेने जोडली, की बॅटरी पेट घेते. हे एकदा उमगले, की मूल ती पुन्हा पुन्हा पेटवते, मामेभावाला बोलावून दाखवते, मध्ये दिवा घातला तर पेटत का नाही हे ताडून पाहते, आणि एवढ्यात मागून येणारा संग्राहक ‘हा काय खेळ मांडलाय?’ म्हणून ती खिडकी बंद करून ‘विद्युतधारा: भाग 1’ हा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ लावून देतो. सबंध सुट्टीत मनापासून झालेला विज्ञानाचा अभ्यास बहुधा तेवढाच असतो.

येथे एक जुनी हकिकत उपयोगी पडावी. आज जगभर पसरलेल्या खान अकॅडमी या ऑनलाइन शिक्षणसंस्थेचे मूळ 2004 मध्ये सलमान खान (नट नव्हे) यांनी दूरच्या शहरातील आपल्या नात्यातील एका बहिणीला दिलेल्या गणिताच्या शिकवणीत आहे, आणि त्या मुलीचे अडत होते ते एककांच्या रूपांतरापाशी. एक मूल आणि त्याची एक अडचण, एवढ्यावर ते सारे उभे राहिले. संग्राहकाजवळ शेकडो साधने असतात, पण आपले मूल नेमके कोठे अडते हे विचारले, तर ‘मॅथ्स’ एवढेच उत्तर मिळते.

उजळणीचे शास्त्रही त्याच्या विरुद्ध जाते. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला आणि तो 1885 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांना असे आढळले, की उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे असले, तरी तो न पाहता आठवून लिहिणारे आठवड्यानंतर त्यांना मागे टाकतात. ही गोष्ट संग्राहकाच्याच घरातील आजोबांना कोणत्याही संशोधनावाचून ठाऊक असते. आंबा चोखता चोखता ते नातवाला ‘सव्वीस सत्ते?’ विचारतात, नातू छताकडे पाहतो, आजोबा उत्तर न सांगता दुसरा आंबा पिळतात, आणि काही वेळाने ‘एकशे ब्याऐंशी’ असा आवाज येतो. संग्राहक मात्र त्याच वेळी शेजारच्या खोलीत पाढ्यांचे ॲप शोधत असतो.

ज्यांच्या घरी असा संग्राहक आहे, त्यांनी सुट्टी लागताच मुलाऐवजी त्याचाच फोन काढून घ्यावा, मुलाला अडलेले एकच प्रकरण विचारून घ्यावे आणि त्यापुरते एकच साधन उघडावे. विदर्भ वगळता शाळा साधारणतः जूनच्या मध्यास उघडतात आणि तोवर एक प्रकरण, आंबे सांभाळूनही, सहज पुरे होते.