शांततेचा चहा कोणाच्या नावावर?

सण तोंडावर आला की पोलीस ठाण्याच्या आवारात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात आणि शांतता समिती बसते. समोर साहेब, पहिल्या रांगेत दोन्हीकडचे मानकरी, मागे मंडळांचे अध्यक्ष. ‘आपलं गाव पहिल्यापासून शांतताप्रिय’ हे आधी एखादे आबा म्हणतात, मग एखादे हाजीसाहेब, मग खुद्द साहेब. त्यानंतर खरी चर्चा सुरू होते: मिरवणुकीच्या मार्गावरचे खड्डे, लोंबकळणाऱ्या तारा, डीजेचा आवाज आणि त्या रात्री लाइट राहणार की जाणार. चहा होतो, फोटो होतो. विसर्जन आटोपलं की समितीचंही विसर्जन.

जून 2023 मध्ये आपल्या अमळनेरात दोन गट भिडले, दगडफेक झाली, संचारबंदी लागली. शेजारच्या धुळ्यात 6 जानेवारी 2013 ला एका हॉटेलच्या बिलावरून बाचाबाची झाली, तिची दंगल झाली आणि पोलीस गोळीबारात सहा जण गेले. दंगलीला पंचांगातला मुहूर्त लागत नाही. समितीला मात्र लागतो.

बरं, अमळनेरला सलोख्याच्या बाबतीत पूर्वपुण्याई कमी नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 इथल्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. वसतिगृहातल्या पोरांची उष्टी-खरकटी काढणाऱ्या या मास्तरांनी पुढे मोहम्मद पैगंबरांचं चरित्रही लिहिलं. संचारबंदी उठून आठ महिने होतात न होतात तोच, फेब्रुवारी 2024 मध्ये, गावात साहित्य संमेलन भरलं आणि संमेलननगरीला नाव दिलं गुरुजींचंच. नाव द्यायला आपण कधीच कंजुषी करत नाही.

मग शांतता बाहेरून मागवावी का? जगात हा मोठा उद्योग आहे. अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीवर अमेरिकेने वीस वर्षांत सुमारे 145 अब्ज डॉलर ओतले. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान काबुलात शिरले. मधल्या काळात अमेरिकेचेच तपासनीस अहवालामागून अहवाल लिहीत होते की बाबांनो, किती खर्चलं ते तुम्ही मोजता, काय साधलं ते मोजत नाही. सेवेरिन ओटेसेर या संशोधक बाईंनी तर अशा परदेशी शांतिदूतांवरच पुस्तक लिहिलं आहे. परदेशी तज्ज्ञ येतो, कुंपणाच्या आत राहतो, गावची भाषा शिकायच्या आत त्याची बदली होते. याच बाईंनी काँगोतल्या इज्वी बेटाची गोष्ट सांगितली. चहूकडे युद्ध पेटलेलं असताना ते बेट शांत राहिलं, आणि ते ना शांतिसेनेमुळे, ना निधीमुळे. भांडण हातघाईवर यायच्या आत तिथली माणसंच मधे पडत होती.

मदतीचं आणखी एक लक्षण म्हणजे तिचा नळ दुसऱ्याच्या हातात असतो. 20 जानेवारी 2025 ला ट्रम्पसाहेबांनी एक सही केली आणि देशोदेशीचे मदतप्रकल्प जिथल्या तिथे थबकले. 1 जुलैला अमेरिकेच्या मदतसंस्थेचं, यूएसएडचं, दुकानच बंद. परका पैसा विषच असतो असं नाही. उत्तर आयर्लंडमध्ये 1995 पासून युरोपचा पैसा आला, पण तो कुठे लावायचा हे ठरवायला जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिकांची मंडळं बसवली होती. ती अक्कल बाकीच्यांना का सुचली नाही, देव जाणे.

आपल्याकडे तर प्रश्नच मिटवून टाकला आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी आधी दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरते. शिवाय एका संस्थेने ती दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही. म्हणजे आपल्या बोरी नदीकाठच्या चार बायांनी मोहल्ल्यात सलोख्याचं काम काढलं, तर मोठ्या संस्थेने त्यांना परदेशी निधीतला रुपयाही देणं बेकायदा. बायांनी आधी दिल्लीत खातं उघडावं, मग शेजारणीशी बोलावं.

पण परदेशी दात्यांना हसताना जरा जपून. 15 ऑगस्ट 2007 ला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबा पाटलांनी तंटामुक्त गाव मोहीम आणली. हेतू सोन्यासारखा होता. कित्येक गावांत बांधाची, भाऊबंदकीची भांडणं कोर्टाची पायरी न चढता मिटली. पण आपलं सरकार ते! शांततेला 200 पैकी गुण ठेवले, वर लाखांची बक्षिसं. मग पारावर कुजबुज सुरू झाली: नाना, तक्रार देऊ नका, गावाचे गुण जातील. दाता वॉशिंग्टनचा असो की मंत्रालयातला, त्याला शेवटी फाइलच लागते.

फाइलशिवाय जमलेलं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांऐवजी साधी माणसं घेतली, दोन्ही समाजांची. बैठका सणावारी नाही, तर बारमाही. नळाच्या भांडणापासून सगळं तिथे निघायचं, त्यामुळे हवालदार नावानिशी ओळखीचा झाला आणि शेजारीही. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाने 900 मृत्यू नोंदवले. हाकेच्या अंतरावरची भिवंडी शांत राहिली. हे जमवायला कोणी परदेशी तज्ज्ञ लागला नाही.

आणि खर्च? चहाचा. जपून ठेवलेल्या विप्रोच्या शेअरांवर करोडपती झालेली माणसं ज्या गावात राहतात, तिथे महिन्याला प्रभागामागे वीस-पंचवीस कप चहाला निधी मिळत नाही असं कोणी म्हणू नये. तेव्हा अमळनेरकरांनो, मतं मागायला कोणी दारात आलं की गटारीबरोबर एवढंही विचारा: आपल्या प्रभागाची समिती सण नसलेल्या महिन्यात कधी बसणार? तारीख लिहून घ्या.